रानातलं नाव

निकानोर तेसुकून कॉफी बिनगुळाची पितो, असं ओदिलिया पाहुण्यांना सांगते. रानात जन्म काढलेली जुनी माणसं अशीच असतात, असंही वर जोडते. मग पाहुणे त्याच्याकडे आदराने बघतात आणि आपल्या कपातलं गोड पाणी जरा ओशाळून पितात. खरं म्हणजे निकानोरला गोड फार आवडतं. लहानपणी गुऱ्हाळ लागलं की तो काहिलीपासून हलायचा नाही, बापाने कान धरून घरी नेलं तरच. पण कॉफी ओतते युफेमिया, आणि तिने त्याच्या कपात गूळ टाकणं बंद केलं त्याला आता एक पिढी उलटून गेली.

युफेमिया त्याच्या धाकट्या भावाची विधवा. ओदिलिया तिची मुलगी. बाप गेला तेव्हा ती अजून जन्मलीही नव्हती. पेतेन प्रांतातल्या रानाच्या तोंडाशी सांता रुफिना नावाचं गाव आहे, तिथून ही तिघं पाहुण्यांना घेऊन एल मेतातेच्या पडक्या देवळांकडे जातात. ओदिलिया गाइड, युफेमिया चुलीपाशी आणि निकानोर खेचरांमागे. बघणाऱ्याला वाटावं, किती छान, घरचीच माणसं. घरचीच आहेत, म्हणून तर इतकं निगुतीने एकमेकांना छळता येतं.

युफेमिया दिराशी थेट बोलत नाही. तिचं सगळं बोलणं मुलीमार्फत, नाहीतर हवेला उद्देशून. "ओदिलिया, त्या माणसाला म्हणावं, भाकऱ्या गार होतायत." तो माणूस चार हातांवर बसलेला असतो. "ओदिलिया, खेचरांना पाण्यावर नेलं का विचार. का त्यांनाही हाक मारायची भीती वाटते?"

या टोमण्याचं मूळ समजायचं तर सांता रुफिनाची एक रीत माहीत हवी. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची नाही. पलीकडच्या टेकड्या म्हणजे माती चढलेली देवळं, आणि देवळांना धनी आहेत. त्यांच्या कानावर नाव पडलं की ते ध्यानात ठेवतात. पुढे केव्हातरी तुमच्या सख्ख्या माणसाचा आवाज काढून तुम्हाला त्याच नावाने बोलावतात, आणि ओ देऊन गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून ओढ्यापलीकडे प्रत्येकाला रानातलं वेगळं नाव. आणि कधी रानात खरं नाव ऐकू आलंच, तर आवाज जन्मदात्या आईचा का असेना, ओ द्यायची नाही, पाठ फिरवायची आणि उलट्या दिशेने चालायला लागायचं.

निकानोरचं रानातलं नाव कासव, कारण तो सावकाश. भाऊ दोमितिलो याचं नाव नाकाड्या. का ते त्याला पाहिलेल्या कोणालाही विचारायची गरज पडली नसती.

दोघे भाऊ चीक काढायचे. रानचिकूच्या झाडावर दोरीने चढायचं, कोयत्याने नागमोडी चिरा पाडत जायचं, खाली बांधलेल्या पिशवीत पांढरा चीक ओघळू द्यायचा, मग तो कढवून त्याच्या विटा पाडायच्या. त्या विटा दूरदेशी जाऊन लोकांच्या तोंडात चघळल्या जात. दोमितिलो पहिल्यांदा हंगामाला आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. थोरल्या भावाने त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. झाडामागे लपून हळूच म्हणाला, "दोमितिलो!"

"काय रे?" दोमितिलो म्हणाला.

निकानोरने बाहेर येऊन त्याच्या अशी मुस्काटात ठेवून दिली की नाकातून रक्त आलं. "मेलास तू. समजलं? आत्ता मेलास." पोरगं रडलं नाही. नाक पुसून मान हलवली. त्यानंतर किती हंगाम गेले, निकानोरने किती वेळा फसवून पाहिलं, पण दोमितिलोने रानात कधी ओ दिली नाही. उलट नाव ऐकताच तो वळून असा चालू लागायचा की भावाला अभिमान वाटायचा. शिकवावं तर असं, असं निकानोर चिकाच्या कढईभोवती बसून इतरांना सांगायचा.

युफेमिया आली दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून, लग्न होऊन. तिला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. "आमच्याकडे माणूस हरवला तर नाव घेऊन बोलावतात. तो येतो. जेवतो." दोमितिलो हसायचा, पण रानाजवळ तिने नाव घेतलं की चेहरा पाडायचा.

मग तो हंगाम आला. एल मेतातेच्या मागे नवी झाडं बघतो म्हणून दोमितिलो सकाळी गेला आणि दुपार उलटली तरी आला नाही. पाऊस कोसळत होता. निकानोर शोधायला निघाला. शिट्ट्या मारल्या, झाडांच्या खोडांवर कोयत्याची मूठ आपटली, "नाकाड्या! नाकाड्या!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडला. पावसात काहीच पोचत नव्हतं. आणि मोठ्या देवळाच्या पायथ्याशी उभं असताना पाऊस एकाएकी उघडला, रान गप्प झालं, आणि त्या शांततेत निकानोरची छाती फाटली. भीतीने माणसाचं शिकलेलं सगळं गळून पडतं. तोंडावर हात धरून तो ओरडला, "दोमितिलो! दोमितिलो रे!" आई जशी अंगणातून जेवायला बोलवायची, अगदी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पावलं पाहिली. दोमितिलो मोठ्या देवळाच्या मागच्या अंगाला आडव्या पडलेल्या खोडावर बसला होता. वाट चुकून दमला असावा. तिथून निकानोर उभा होता ती जागा म्हणजे एका हाकेची, बस. खोडापासून पावलं निघाली होती ती आवाजाकडे पाठ करून. सुरुवातीला चालल्याची, मग चवडे खोल रुतलेली, पळत्या माणसाची. पावलं दलदलीच्या झाडीत गेली होती. भाऊ तिथेच सापडला, पोटरीवर सापाचे दोन दात आणि चेहऱ्यावर भीती. निकानोरने आधी पाय फरफटत ओढून ती पावलं मोडली, मग इतरांना बोलावलं.

प्रेत गावात आणलं तेव्हा सगळी म्हातारी माणसं दारात उभी होती. युफेमियाने निकानोरच्या छातीवरचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "नाव घेऊन हाक मारलीत? एकदा तरी मारलीत?"

"नाही," निकानोर म्हणाला.

म्हातारी माणसं समाधानाने हुंकारली. रीत पाळली होती. युफेमियाने मात्र सदरा सोडला आणि दोन पावलं मागे सरली, जणू त्याच्या अंगाला वास येत होता. "भाऊ मरत होता आणि तुम्ही शिट्ट्या वाजवत होतात? नाव घ्यायला जीभ झडली होती?"

तो 'नाही' त्याच्या तोंडून का गेला, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. गावाची भीती वाटली असेल. पण गेलेला शब्द परत घ्यायचा तर पावलांचंही सांगावं लागलं असतं. हो, मी हाक मारली, आणि ती ऐकूनच तो पळाला, सापावर पाय देईपर्यंत पळाला, कारण मीच त्याला तसं पळायला शिकवलं होतं. हे त्या पोटुशा बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा भेकड म्हणवून घेणं परवडलं. भेकड माणसाला निदान दारात भाकरी मिळते.

आणि तो भेकड म्हणून जगला. लग्न केलं नाही. युफेमियाच्या घरी मका पोचवला, कूड बांधले, छप्पर शाकारलं, ओदिलियाला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं. युफेमियाने मका घेतला, छप्पर घेतलं, आणि कधी चांगला शब्द म्हणून दिला नाही. चिकाचा धंदा बुडाला तेव्हा तो फुलवाल्यांसाठी रानातली पानं तोडू लागला. मग पाहुणे येऊ लागले. ओदिलिया इंग्रजी शिकली, तिने गाइडचा बिल्ला मिळवला, आणि काकाला खेचरांसाठी व आईला स्वयंपाकासाठी धरलं. "मी त्या माणसाबरोबर त्या जागी जाणार नाही," युफेमिया म्हणाली होती. पण पोट कोणाला चुकलंय? गेली. अजून जाते.

ओदिलियाला बाप आठवायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तिला त्याची गोष्ट सांगता येते. ओढ्यावर पोचलं की ती पाहुण्यांना थांबवते, धन्यांची कथा सांगते, आवाज खाली आणून म्हणते, "माझे वडील असेच गेले. त्यांना कोणीतरी नावाने बोलावलं." पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो. मग ती टाळी वाजवून सगळ्यांना रानातली नावं वाटते, आणि काटा जाऊन खिदळणं सुरू होतं. प्रत्येक खेपेला निकानोर तेवढ्यापुरता खेचरांच्या पलीकडच्या बाजूला जातो आणि नीट बसलेले पट्टे पुन्हा आवळतो. पोरीवर त्याला राग येतो, मग स्वतःवर येतो. ती खोटं काय सांगते? बोलावलं होतंच कोणीतरी.

त्या खेपेला पाहुण्यांत हॅरल्ड नावाचा एक निवृत्त शिक्षक होता, लांब टांगांचा आणि लांब मानेचा. ओदिलियाने त्याचं नाव ठेवलं बगळा. बाकीचे ओढा ओलांडून शंभर पावलांत नावं विसरले, पण ह्या गृहस्थाने ते मनावर घेतलं. माणूस मोठा नेमाचा. त्याची बायको जूडिथ मागून "हॅरल्ड, पाणी दे," म्हणाली की हा पुढे बघत ताठ चालायचा, आणि ती वैतागून "बरं बाई, बगळ्या!" म्हणाली की झटकन वळून बाटली द्यायचा.

"याला बघ," युफेमिया हवेला म्हणाली. "आपल्या गावात जन्मायचा, चुकून तिकडे पडला."

निकानोरला त्या माणसाकडे बघवेना. पहिल्या हंगामातलं ते नाक पुसणारं पोरगं त्याला आठवत राहिलं.

एल मेतातेला पोचल्यावर जेवणं झाली, काळ्या घेवड्याची उसळ आणि भाकऱ्या. पाहुणे झोळ्यांत आडवे झाले. सगळे उठले तेव्हा एक झोळी रिकामी होती.

जूडिथने आधी हसत हाक मारली. मग न हसता. मग तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तिचा आवाज चिरकला, "हॅरल्ड! हॅरल्ड!" बाकीचे पाहुणेही उठले आणि चारी बाजूंनी तेच नाव देवळांवर आपटू लागलं. ओदिलियाही ओरडू लागली. निकानोर खेचरावरचं खोगीर उतरवत होता. ते त्याच्या हातून सुटून खाली पडलं.

"गप्प बसा!" तो ओरडला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "नाव घेऊ नका त्याचं! ओदिलिया, सांग त्यांना!"

"काका, ती गोष्ट आहे हो पाहुण्यांसाठी. इथे खरंच माणूस हरवलाय!"

"ओरडू दे त्यांना," चुलीपाशून युफेमिया म्हणाली. ती मुलीशी बोलत होती आणि बघत होती त्याच्याकडे. "ज्यांच्या घशात जीव आहे ते ओरडतात." आणि हातातला डाव घेऊनच ती पुढे आली, छाती भरून श्वास घेतला आणि किनाऱ्याकडच्या कोळणीच्या खणखणीत आवाजात हाळी दिली, "हॅराल्दो! अहो हॅराल्दो!"

निकानोरने वाद घातला नाही. तांड्यात एक म्हातारी घोडी असते, गळ्यात घंटा घातलेली. खेचरं तिच्यामागून जातात. तिचा दोर धरून तो मोठ्या देवळाला वळसा घालून मागे गेला, हाकांकडे पाठ करून, थेट दलदलीच्या दिशेने. त्या आडव्या खोडाचं आता नावही उरलं नव्हतं, वाळवीने केव्हाच खाल्लं होतं, पण जागा त्याला डोळे मिटून सापडली असती. तो घोडीच्या मानेवर थापट्या मारत घंटा वाजवत राहिला.

झाडीतून हॅरल्ड बाहेर आला. बूट चिखलाने भरलेले, चेहरा खुशीने फुललेला. निकानोरला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मिचकावला.

निकानोरने त्याला मिठीच मारली. परक्या, घामेजलेल्या, मूर्ख माणसाला त्याने घट्ट धरलं आणि सोडवेना. हॅरल्ड गोंधळून त्याच्या पाठीवर थोपटत राहिला.

तळावर आल्यावर जूडिथ आधी रडली, मग डोक्यावरची टोपी काढून तिने नवऱ्याला बदडलं. त्याने हात वर करून काहीतरी खुलासा केला आणि सगळे पाहुणे हसून लोळले. ओदिलियाही डोळे पुसत हसत होती.

"काय म्हणतोय?" युफेमियाने विचारलं.

"अगं आई, कमाल आहे! वाट चुकून देवळामागे बसला होता. आपल्या सगळ्या हाका त्याने ऐकल्या. म्हणतो, खरं नाव ऐकलं म्हणून मी नियमाप्रमाणे पाठ फिरवून उलटा चालू लागलो. जितक्या जोरात ओरडलात, तितका भराभर चाललो!"

युफेमिया हसली नाही. "पुन्हा सांग."

ओदिलियाने पुन्हा सांगितलं.

"ऐकू आलं होतं त्याला? स्पष्ट?"

"स्पष्ट. म्हणून तर उलटा गेला. नंतर घंटा ऐकली आणि तिच्याकडे आला. घंटा काय नाव घेत नाही, म्हणतो."

युफेमियाने डाव भांड्यात ठेवला. तो आत बुडाला तरी तिचं लक्ष नव्हतं. ती मोठ्या देवळाकडे बघत बराच वेळ तशीच उभी राहिली. निकानोर घोडीचा दोर बांधत होता, त्याने हे पाहिलं. कळलं हिला, त्याला वाटलं. आज कळलं. आणि त्याला भीतीबरोबर सुटल्यासारखंही वाटलं. येऊ दे. सदरा धरू दे, तोंडावर थुंकू दे. एकदा होऊन जाऊ दे.

ती आली तेव्हा तिच्या हातात कप होता. ती त्याच्या समोर उभी राहिली. ओदिलिया जवळपास नव्हती, हवेशी बोलायचाही तिचा विचार दिसत नव्हता.

"भावोजी," ती म्हणाली.

हा शब्द त्याने तिच्या लग्नानंतर, दोमितिलो होता त्या दोन वर्षांत, शेवटचा ऐकला होता. त्याचे डोळे एकदम भरून आले.

"तुमचा भाऊ ह्या गोऱ्यापेक्षा दसपट मानणारा होता," ती म्हणाली. "मी अंगणातून नाव घेतलं तरी आधी रान कुठल्या बाजूला आहे ते बघायचा, मग ओ द्यायचा. मला माहीत होतं हे. माहीत असून कधी डोक्यात आलं नाही. जन्मभर तुम्हाला बोलत राहिले, हाक का नाही मारलीत, हाक का नाही मारलीत. आणि मारली असतीत तर काय झालं असतं? ऐकून उलटा पळाला असता तो. तुमच्या आवाजाला भिऊन पळत पळत मेला असता." तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. "मरायचा तो मेलाच. पण तसा नाही मेला. तेवढ्यापासून तरी तुम्ही वाचवलंत त्याला. बरं झालं, भावोजी, तुम्ही हाक मारली नाहीत."

निकानोरने तोंड उघडलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो त्या दारात मका ओतत आला, ते आज ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन देत होती, आणि ते त्याचं नव्हतं. एक शब्द पुरे होता. मारली होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा हलका झाला होता, त्या दोन वर्षांतल्यासारखा दिसत होता. त्याने तोंड मिटलं आणि कप घेतला.

"बघा तरी पिऊन," युफेमिया म्हणाली. "गूळ बेताचा घातलाय. किती लागतो ते विसरले मी."

"पुरे आहे," निकानोर म्हणाला. ती समोरून हलली नाही, म्हणून तो सगळी कॉफी तळापर्यंत प्यायला.